हार्ट अटॅकमध्ये स्नायू वाचवणारं औषध: मेटोप्रोलॉलच्या चाचण्यांनी नेमकं काय सांगितलं?

रानजाई

मोठ्या भावाला हार्ट अटॅक येऊन दीड वर्ष झालं. वय ५२. अँजिओप्लास्टी झाली, शीर मोकळी झाली, स्टेंट बसला आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी टू-डी इको झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पंपिंग ३८ टक्के आहे, औषधं नियमित घ्या." (पंपिंग म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती भाग दर ठोक्याला बाहेर जातो ते.) शीर मोकळी झाली, तर मग पंपिंग कमी का? हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. नंतर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे खाली काही चुकलं असेल तर इथल्या जाणकारांनी हक्काने दुरुस्त करावं.

मला समजलं ते असं. शीर बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू एका क्षणात मरत नाही. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक शीर ठरावीक वेळ बांधून ठेवली, मग सोडली, आणि किती स्नायू मेला ते मोजलं. ४० मिनिटांनी सोडली तेव्हा भिंतीच्या जाडीपैकी ३८ टक्के स्नायू मेला होता. ३ तासांनी ५७ टक्के, ६ तासांनी ७१ आणि २४ तासांनी ८५. मरण आतल्या थरातून सुरू होतं आणि भरती चढावी तसं बाहेरच्या थराकडे सरकतं. म्हणजे शीर उघडेपर्यंत जो भाग गेला, तो गेलाच. माणसाचं हृदय कुत्र्याच्या घड्याळाने चालत नाही, पण दिशा तीच.

दुसरी गोष्ट वाचून मी अक्षरशः थांबले. रक्त परत सुरू होतं त्या क्षणीही स्नायूला इजा होते. उपाशी राहिलेल्या पेशींत एकदम ऑक्सिजन आणि कॅल्शियम शिरतं, सूज येते, बारीक वाहिन्या तुंबतात. मोठी शीर उघडी दिसते, पण स्नायूच्या आत रक्त पोहोचतच नाही. भावाच्या पंपिंगच्या ३८ टक्क्यांचं उत्तर बहुधा या दोन गोष्टींतच आहे.

मग साहजिक विचार आला की शीर उघडेपर्यंतच्या वेळात स्नायू तग धरेल असं काही औषध नाही का? शोधताना मेटोप्रोलॉल सापडलं. घरोघरी बीपीसाठी गोळी म्हणून घेतात तेच. स्पेनमध्ये मेटोकार्ड-सीएनआयसी नावाची चाचणी झाली. माद्रिदच्या राष्ट्रीय हृदयरोग संशोधन केंद्रातले बोर्हा इबान्येझ आणि व्हॅलेंटिन फुस्टर हे त्यामागचे मुख्य लोक. हृदयाच्या पुढच्या भिंतीचा झटका आलेले २७० रुग्ण, त्रास सुरू होऊन ६ तासांच्या आतले. चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडून निम्म्यांना अँजिओप्लास्टीच्या आधी हाताच्या शिरेतून मेटोप्रोलॉल दिलं, ५ मिलिग्रॅमचे जास्तीत जास्त तीन डोस. बऱ्याच जणांना ते ॲम्ब्युलन्समध्येच मिळालं. ५ ते ७ दिवसांनी एमआरआय करून मेलेला स्नायू मोजला. औषध मिळालेल्यांत सरासरी २५.६ ग्रॅम, न मिळालेल्यांत ३२ ग्रॅम. निकाल २०१३ मध्ये आले. सहा महिन्यांनी पंपिंग ४८.७ विरुद्ध ४५ टक्के.

सहा-साडेसहा ग्रॅम स्नायू. मी हातात चमचाभर मीठ घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

पण पुढे वाचलं तर २०१६ मध्ये ६८३ रुग्णांवर झालेल्या अर्ली-बामी चाचणीत मेलेल्या स्नायूत काहीच फरक सापडला नाही! एकच औषध, एकच प्रश्न आणि उत्तरं दोन. यातलं कोणतं धरायचं? आणि भावाला हे औषध मिळायला हवं होतं का?

कौस्तुभमणी

रानजाई, तुम्ही वाचलेलं बरोबर आहे. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या औषधाची कहाणी मेटोकार्डपासून सुरू केली तर अर्धी कळते.

झटका आला की वेदनेने आणि भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिन उसळतं. हृदय जोरात आणि भराभर धावतं, म्हणजे ज्याला रक्त मिळत नाही त्याच स्नायूकडून आपण जास्त काम करून घेतो. बीटा-ब्लॉकर गटातली औषधं ही उसळी अडवतात; मेटोप्रोलॉल त्यांतलंच एक. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात याच गटातलं प्रोप्रॅनोलॉल शोधलं, १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७१ मध्ये ब्राउनवाल्ड आणि मारोको यांनी कुत्र्यांवर दाखवलं की प्रोप्रॅनोलॉल दिलं तर इजा कमी होते, आणि हृदयाला चाबूक मारणारं आयसोप्रोटेरेनॉल दिलं तर वाढते. झटक्याचं नुकसान आधीच ठरलेलं नसून त्यात हस्तक्षेप करता येतो, ही कल्पना तिथून रुजली.

१९८६ ची आयसिस-१ ही मोठी चाचणी. १६,०२७ रुग्ण, औषध अटेनोलॉल, तेही बीटा-ब्लॉकरच. पहिल्या आठवड्यातले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू ४.६ वरून ३.९ टक्क्यांवर आले. त्या काळी अँजिओप्लास्टी सोडाच, शीर उघडण्याचे उपचारही बहुतेकांना मिळत नव्हते, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर आली चीनमधली कमिट. ४५,८५२ रुग्ण, निकाल २००५ चे. सुरुवातीला शिरेतून मेटोप्रोलॉल, मग रोज २०० मिलिग्रॅम गोळीने. दर १००० रुग्णांमागे ५ जणांचा दुसरा झटका टळला आणि ५ जणांचं हृदय फडफडून बंद पडणं टळलं. पण ११ जण जास्तीचे शॉकमध्ये गेले, म्हणजे हृदय रक्तच ढकलेना. एकूण मृत्यूंत फरक नाही. हा शॉक मुख्यतः पहिल्या दिवसाच्या आसपास, आणि आधीच डगमगणाऱ्या रुग्णांत: वय ७० च्या वर, बीपी १२० च्या खाली, नाडी ११० च्या वर. कमिटनंतर जगभरातल्या डॉक्टरांनी शिरेतून बीटा-ब्लॉकर द्यायला हात आखडता घेतला. मीही घेतला.

मेटोकार्डवाल्यांनी हाच धडा गिरवला. ज्यांची फुप्फुसं पाण्याने भरलेली नाहीत आणि ज्यांचा वरचा बीपी किमान १२० आहे तेवढेच घेतले. पहिल्या २४ तासांत औषधाच्या गटात गंभीर त्रास जास्त दिसले नाहीत. म्हणून युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०१७ च्या आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, अँजिओप्लास्टीला निघालेल्या, बीपी १२० च्या वर असलेल्या आणि हृदय निकामी झाल्याची लक्षणं नसलेल्या रुग्णांत शिरेतून बीटा-ब्लॉकर देण्याचा विचार करावा, असं आलं. 'विचार करावा', 'द्याच' नाही. हा शब्दांतला फरक आमच्याकडे फार जपून केलेला असतो.

शेवंती

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. डॉक्टरांनी लिहिलेला बीपीचा मुद्दा कागदावर सोपा वाटतो. समोर मात्र घामाने थबथबलेला माणूस असतो, नातेवाईक रडत असतात, ईसीजीच्या पट्ट्या घामावर चिकटत नाहीत. पहिला बीपी १४०, पाच मिनिटांनी १०५. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं की तळाशी बारीक कुरकुर येते की नाही, यावर ठरतं. ती कुरकुर म्हणजे फुप्फुसात पाणी. ती असताना हे औषध दिलं तर मदतीऐवजी घात होतो. म्हणून आम्हाला शिकवलंय, प्रत्येक ५ मिलिग्रॅम हळूहळू द्यायचं, मध्ये थांबून बीपी आणि नाडी बघायची, मगच पुढचा डोस.

आणि रुग्णाला दमा आहे का, हे आधी विचारायचं. घाईत हा प्रश्न राहून जातो, म्हणून मी तो सगळ्यात पहिला विचारते.

आडवाट

रानजाई, तुमच्या 'कोणतं धरायचं' या प्रश्नावर. मी संख्याशास्त्राचा माणूस, वैद्यकीय चाचण्यांचीच आकडेमोड करतो. मला वाटतं दोन्ही खरी आहेत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न तितकासा एक नाही.

मेटोकार्डमध्ये फक्त पुढच्या भिंतीचे झटके होते. हे मोठे झटके, त्यात वाचवण्यासारखा स्नायू भरपूर. अर्ली-बामीत सगळ्या जागांचे झटके आणि १२ तासांपर्यंतचे रुग्ण. तिथे दोन्ही गटांत मेलेला भाग डाव्या कप्प्याच्या १५ टक्क्यांच्या आसपासच होता. वाचवायला मुळातच कमी उरलं असेल तर औषधाने काय वाचवावं? एकूण डोस १५ ऐवजी १० मिलिग्रॅम, आणि त्यातला दुसरा अँजिओप्लास्टीच्या अगदी तोंडावर. डुकरांवरच्या प्रयोगांत इबान्येझ यांच्याच गटाला दिसलं होतं की औषध रक्त परत सुरू होण्याआधी दिलं तरच उपयोग होतो. मेटोकार्डच्या आकड्यांची नंतर छाननी केली तेव्हा औषध आणि शीर उघडणं यांतलं अंतर जितकं जास्त, तितकं नुकसान कमी असं निघालं. म्हणजे औषधाला मुरायला वेळ लागतो.

आता दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडतो. मेटोकार्डमध्ये प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन, नव्हता. एमआरआय वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं, पण उपचार करणाऱ्यांना माहीत होतं. अर्ली-बामीत प्लासिबो होता, मात्र एमआरआय साधारण निम्म्याच रुग्णांचा, ३४२ जणांचा, मिळाला. उरलेल्या निम्म्यांचं काय झालं हे आकड्यांत येत नाही. दोन्हींच्या भिंतीला अशा भेगा आहेत, म्हणून एकीवर सगळं घर उभं करायला मी तयार नाही.

आणि या क्षेत्राचा इतिहास बघाल तर अंगावर काटा येतो. सायक्लोस्पोरिन घ्या. २००८ मध्ये ५८ रुग्णांवर चाचणी झाली, नुकसान कमी झालं, सगळे आनंदले. २०१५ मध्ये सर्कस नावाच्या चाचणीत ९७० रुग्ण घेतले, तर वर्षभरात मृत्यू, हृदय निकामी होणं वगैरे धरून ५९ टक्के विरुद्ध ५८ टक्के. फायदा शून्य. दंडाला बीपीचा पट्टा बांधून पाच-पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि सोडायचं, त्याने लांबचं हृदय तग धरतं, अशीही एक सुंदर कल्पना होती. २०१९ मध्ये ५,४०१ रुग्णांवर पडताळली, फरक नाही. प्राण्यांत चाललेलं, लहान चाचणीत चाललेलं, मोठ्या चाचणीत गळून पडतं, हे इथे पुन्हा पुन्हा झालंय.

रानजाई

आडवाट, मनापासून आभार. पण एक शंका. स्नायूचे ग्रॅम मोजणं हे माणूस जगला की नाही मोजण्याच्या जागी चालतं का? आमच्या घरात पंपिंगचा आकडा कुलदैवतासारखा पुजला जातोय, म्हणून विचारते.

आडवाट

चांगला प्रश्न, आणि यावर आकडे आहेत. दहा चाचण्यांतले २,६३२ रुग्ण एकत्र करून २०१६ मध्ये बघितलं गेलं. मेलेला भाग दर ५ टक्क्यांनी वाढला की वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साधारण १९ टक्क्यांनी वाढत गेला. हृदय निकामी होऊन भरती व्हावं लागण्याचंही जवळपास तसंच. म्हणजे हा आकडा पोकळ नाही.

मात्र 'ज्यांचं नुकसान कमी ते जास्त जगले' आणि 'औषधाने नुकसान कमी केलं म्हणून ते जास्त जगले' या वेगळ्या गोष्टी. दुसरी सिद्ध करायला हजारो रुग्ण लागतात, कारण आज वेळेत अँजिओप्लास्टी झाली तर मृत्यू मुळातच थोडे. २७० रुग्णांच्या चाचणीकडून ते उत्तर मागणं म्हणजे किराण्याच्या तराजूत सोनं तोलण्यासारखं आहे. तराजू चांगला आहे, फक्त त्या कामाचा नाही.

सांजवात

माझं वय ७१. आठ वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, तेव्हापासून मेटोप्रोलॉलची गोळी घेतो. परवा मुलाने बातमी दाखवली की झटक्यानंतर बीटा-ब्लॉकरचा उपयोग नाही असं सिद्ध झालंय. या धाग्यावर तर ते स्नायू वाचवतं म्हणताय. माझं डोकं चक्रावलं आहे. गोळी बंद करू का?

कौस्तुभमणी

काका, पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वतःहून बंद करू नका. ही गोळी एकदम सोडली तर नाडी आणि बीपी उसळी मारतात, छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. सोडायची ठरलीच तर डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

आता गोंधळाबद्दल. तुम्ही म्हणताय ती बहुधा रीबूट चाचणी, २०२५ ची. स्पेन आणि इटलीतले ८,५०५ रुग्ण. यातही इबान्येझ आणि फुस्टर आहेत. झटक्यानंतर पंपिंग ४० टक्क्यांच्या वर असलेल्यांना पुढे वर्षानुवर्षं बीटा-ब्लॉकर देऊन काही मिळतं का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं, नाही. २०२४ मध्ये रिड्यूस-एएमआय चाचणीत ५,०२० रुग्णांवर हेच निघालं होतं. पण रीबूटच्याच सुमारास डेन्मार्क आणि नॉर्वेतल्या ५,५७४ रुग्णांत गोळी घेणाऱ्यांना थोडा फायदा दिसला: मृत्यू किंवा हृदय-रक्तवाहिन्यांचा मोठा त्रास १४.२ विरुद्ध १६.३ टक्के. त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

रानजाईंच्या धाग्यातला प्रश्न निराळा आहे. तिथे औषध हाताच्या शिरेतून, हृदयाची शीर बंद असताना, एकदाच. रोजची गोळी आणि ते इंजेक्शन यांचं नाव एक, काम वेगळं. तुमचं पंपिंग किती आहे, अनियमित ठोके आहेत का, बीपी किंवा अँजायनासाठी (छातीतल्या दुखण्यासाठी) ती लागते का, हे बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. शेवटचा इको कधी झाला?

सांजवात

चार वर्षांपूर्वी. पुढच्या आठवड्यात वेळ घेतो. धन्यवाद डॉक्टर, मनावरचं ओझं उतरलं.

पिंपळपान

इतके दिवस फक्त वाचत होतो. मी अशाच एका चाचणीतला रुग्ण आहे, औषध वेगळं होतं. कुठली चाचणी, कुठलं रुग्णालय हे लिहीत नाही.

छातीवर कुणीतरी बसल्यासारखं दुखत होतं. एक तरुण डॉक्टर कानाशी वाकून म्हणाल्या, "आम्ही एका औषधाचा अभ्यास करतोय. तुम्हाला ते मिळेल किंवा पाणी मिळेल, कोणालाच माहीत नसेल. नाही म्हणालात तरी उपचार तेच होतील." मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या क्षणी कोणी काहीही विचारलं असतं तरी हो म्हणालो असतो. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या, सगळं पहिल्यापासून समजावलं आणि म्हणाल्या, "काल तुम्ही त्रासात होता. आज नको वाटत असेल तर सांगा, तुमची माहिती वापरणार नाही." तेव्हा मी सही केली ती मात्र समजून-उमजून. त्या दुसऱ्या दिवसाच्या खुर्चीसाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

एमआरआयच्या नळकांड्यात पुन्हा पुन्हा श्वास रोखत पाऊण तास पडून राहणं सोपं नव्हतं. आडवाट म्हणतात तसे निम्म्या रुग्णांचे एमआरआय होत नाहीत, त्याचं एक कारण मला तिथे कळलं. मला औषध मिळालं की पाणी, आजही ठाऊक नाही.

शेवंती

पिंपळपान दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे अभ्यासात आलेल्या रुग्णांशी मी नेहमी बोलते, पण त्यांच्या बाजूने हे इतकं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं.

रानजाई

पिंपळपान, तुमच्यासारख्या माणसांच्या जोरावर मला हे आकडे वाचायला मिळाले. मनापासून धन्यवाद.

डॉक्टर, आणखी एक. मेटोप्रोलॉल नाडी कमी करून स्नायू वाचवतं असं मी धरून चालले होते. पण २०१७ च्या एका संशोधनात पांढऱ्या पेशींबद्दल वाचलं. ते काय आहे?

कौस्तुभमणी

तो भाग मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटतो. शीर उघडली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जखमी भागाकडे धाव घेतात. त्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सना चिकटतात, गठ्ठे होतात आणि बारीक वाहिन्या तुंबतात. तुम्ही सुरुवातीला लिहिलंत ना, मोठी शीर उघडी पण आत रक्त नाही, त्याचं हे एक कारण. मेटोप्रोलॉल या पेशींवरच्या बीटा-१ ग्राहीवर (ॲड्रेनॅलिन जिथे बसतं त्या जागेवर) बसतं आणि त्यांची ही धाव मंदावते, असं इबान्येझ यांच्या गटाने दाखवलं. २०२० मध्ये त्यांनी उंदरांत मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल आणि प्रोप्रॅनोलॉल शेजारी-शेजारी तपासली. नुकसान कमी केलं ते फक्त मेटोप्रोलॉलने. नाडी तर तिघंही कमी करतात, म्हणजे नुसत्या नाडीवर हे भागत नाही. पुन्हा सांगतो, हे उंदरांत. पण औषध रक्त सुरू होण्याआधीच अंगात मुरलेलं का लागतं, याचा अर्थ यातून लागतो: पेशी धावत सुटण्याआधी ते तिथे हजर असायला हवं.

रानजाई

काल भावाची फाइल काढली. वहिनीने सगळे कागद जपून ठेवलेत. धाग्याच्या सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं, म्हणून लिहिते.

दुखायला लागलं पहाटे ४.३० ला. ॲसिडिटी असेल म्हणून तो पडून राहिला, वहिनीला उठवलंही नाही. पहिला ईसीजी ७.१०. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'पुढची भिंत'. शीर उघडली ८.०५ ला. म्हणजे ईसीजीपासून शीर उघडेपर्यंत ५५ मिनिटं, आणि त्याआधी घरात आणि वाटेत २ तास ४० मिनिटं. ईसीजीशेजारी बीपी लिहिलाय, १०४/७०. छातीच्या तपासणीपुढे लिहिलंय, 'दोन्ही तळांशी कुरकुर'.

शेवंती, तुम्ही लिहिलेली ती कुरकुर मी त्या कागदावर तीनदा वाचली. दीड वर्ष मनात होतं की कुणीतरी एक इंजेक्शन द्यायचं विसरलं. त्याला ते द्यायला नकोच होतं ना?

कौस्तुभमणी

नको होतं. १०४ बीपी आणि फुप्फुसात पाणी असताना मीही दिलं नसतं. ज्यांनी त्या सकाळी त्याला तपासलं त्यांनी योग्य केलं, आणि ५५ मिनिटांत शीर उघडली हे चांगलं काम आहे. आता त्याचा इको किती?

रानजाई

गेल्या महिन्यात ४४ आला. वहिनीला आज फोन करून हे सगळं सांगते. तिलाही तीच टोचणी होती.